मधल्या खोलीतली ओल

ओल जिथं दिसते तिथून ती आलेली नसते. कारखान्याच्या वसाहतीत मी सिव्हिल मेंटेनन्सला होतो, आणि त्या नोकरीचं सार काढायचं म्हटलं तर एवढंच निघेल. तक्रार यायची, "साहब, बेडरूम के कोने में पानी आ रहा है." जाऊन बघावं तर कोपऱ्याचा काही दोष नाही. पाणी निघालेलं असायचं वरच्या मजल्यावरच्या मोरीतून, आणि स्लॅबच्या पोटातून हिंडत हिंडत ते ह्या बिचाऱ्या कोपऱ्यात उगवलेलं असायचं. मग बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत जायचं. गिलावा धरून असला की आवाज टणक येतो, सुटला असला की मडक्यासारखा पोकळ. घरातली माणसं मागं उभी राहून डॉक्टरकडे बघावं तशी बघतात, आणि मेंटेनन्सवाला "ओल आहे" म्हणाला की ती असते. कुणी उलटून विचारत नाही.

वर्मा फोरमनची गोष्ट इथल्या आपल्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्यांच्या छताला दर सोमवारी ओलीचा डाग यायचा, एरवी छत कोरडं. वर राहणारे देशपांडे मुद्दाम पाणी सोडतात अशी वर्माजींची खात्री. मी एका सोमवारी वर जाऊन बसलो. देशपांड्यांच्या आईंनी बाल्कनीत पिंड मांडली होती आणि तांब्यामागून तांब्या अभिषेक चालला होता. खाली पाण्याची वाट पानांनी तुंबलेली. खाली येऊन मी कारण सांगितलं. वर्माजी बराच वेळ डागाकडे बघत राहिले, मग चप्पल काढून हात जोडले. "भाईसाहब, ठीक मत करना," म्हणाले. पुढं त्या डागाला कुंकू लागायला लागलं, आणि वर्माजींनंतर त्या क्वार्टरमध्ये आलेल्या माणसानं ऑफिसात तक्रार केली की माझ्या छतावर देव आहे, काढून द्या.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांना माझ्याकडून असलंच काहीतरी हवं असतं, आणि आजवर मी ते देत आलो. कोजागरीलाही सांगत आलो. त्यातली एक गोष्ट मी दोनदा तरी रंगवून सांगितली आहे: रोपवाटिकेमागच्या जुन्या घराची मधली भिंत ओलीनं पडायला आली होती आणि मी ती कशी वाचवली. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. त्या भिंतीला ओल नव्हती. ह्या वर्षी तेवढंच लिहायचं आहे.

वसाहतीच्या पार टोकाला, क्वार्टरांच्या शेवटच्या ओळीनंतर रोपवाटिका होती आणि तिच्यामागे, नाल्याच्या अलीकडे, ते घर. कारखान्यासाठी जमीन घेतली गेली तेव्हा आजूबाजूची सगळी शेतं गेली. हे घर पाडायचं ठरलं होतं, पण पाडायचं राहून गेलं. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यात कुंड्या, फाटके पाइप आणि खताची पोती होती. बांधलेलं कधी ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. खाली दगडी जोतं, त्यावर हात आत घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढ्या जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू, म्हणजे कौलं. पुढं ओसरी, मागं विहीर, आणि मध्ये एक बिनखिडकीची खोली, भर उन्हाळ्यातही गार.

मी अकोल्याहून आलेला, सडाफटिंग. हॉस्टेलात एका खोलीत तिघं, त्यातले दोघं घोरणारे. साहेबांकडे जाऊन म्हटलं, ते घर मला द्या.

"उस खंडहर में? साँप हैं वहाँ."

"देख लूँगा, साहब."

"तो देख लो." आमच्या साहेबांचं हे पालुपद होतं. परवानगी असो, हुकूम असो की टाळाटाळ, तोंडातून निघायचं ते 'देख लो'. अर्थ ज्याचा त्यानं लावायचा.

त्या घराची दुरुस्ती हे माझ्या आयुष्यातलं खरं काम. बाकी सगळं नोकरी. मातीचं घर दुरुस्त करायचं म्हणजे आधी कॉलेजात शिकलेलं थोडं बाजूला ठेवावं लागतं. नाल्याकाठची चिकट माती आणायची, तिच्यात भुसा घालायचा, पाणी सोडून ती कुजू द्यायची. वास असा सुटतो की रोपवाटिकेचे माळीही लांबून जायचे. मग पायांनी तुडवायची आणि हातानं भिंतीवर थापायची, पातळ थर, तो वाळला की दुसरा. पावसाळ्याआधी छपरावर चढून कवेलू फेरायचे. फुटके काढायचे, धड ते नीट बसवायचे. छपराच्या कुजलेल्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, बदलायच्या. वरून चुना. हे सगळं मी सुट्टीच्या दिवशी केलं, बहुतेक एकट्यानं. स्टोअरमधून सिमेंट सहज मिळालं असतं, पण मी त्याला त्या घरात पाऊल टाकू दिलं नाही. मातीची भिंत जमिनीतून थोडं पाणी पिते आणि अंगातून बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट चढवणं म्हणजे घाम आलेल्या माणसाला रबरी कोट घालून बटणं लावणं. हे मी तेव्हा येईल जाईल त्याला सांगायचो. म्हणजे मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

असाच एकदा छपरावर बसलो होतो. खालून आवाज आला, "कौन है रे ऊपर?"

काठी टेकत उभी असलेली एक म्हातारी. मी म्हटलं, "मैं यहाँ रहता हूँ, अम्मा."

"हम भी," ती म्हणाली आणि सरळ आत गेली.

ती कस्तूरीबाई. घर तिच्या सासरचं. जमीन गेल्यावर कुटुंब रायसेनच्या रस्त्याला एका गावात जाऊन राहिलं होतं. मी खाली उतरून आत गेलो तेव्हा ती मधल्या खोलीत भिंतीसमोर उभी होती. त्या भिंतीवर हातांचे ठसे होते, गेरूचे. ते मी पाहिले होते, पण पोरांनी काहीतरी केलं असेल असं समजून पुढच्या वर्षीच्या चुन्यात झाकायचं ठरवलं होतं. अम्मानं सांगितलं, ह्या घरात जी नवी सून येते ती उंबरा ओलांडून आधी इथं येते आणि गेरूत हात बुडवून भिंतीवर लावते. मग पाणी पिते. खालच्या ओळी इतक्या पुसट की हे बोट, ती तळहाताची कड, असं ओळखून घ्यावं लागे. घर गेलं तरी सुना इथंच आणल्या जात होत्या. कुंड्या आणि पोती सरकवून. एक ठसा अगदी लहान होता, पुरीएवढा.

"जे हम," अम्मा म्हणाली आणि आपला सुरकुतलेला पंजा त्यावर ठेवून हसली. बोटं सगळीकडून बाहेर आली. "इत्ते से आए थे. गुड़िया संग लाए थे."

त्यानंतर ती येत राहिली. कधी हरभऱ्याची भाजी, कधी ताक. तिचा मोठा मुलगा हरिनारायण सायकलवर बसवून आणायचा आणि वाट बघत ओसरीत बिडी ओढायचा. मी त्याला हरिभैया म्हणू लागलो.

मग माझं लग्न झालं. अलका नागपूरची, महाल भागातली. घरात पाऊल ठेवलं की शेजाऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते दिसावं अशा वस्तीत वाढलेली. हबीबगंज स्टेशनला उतरून आम्ही ऑटोनं आलो. क्वार्टरांच्या ओळी संपल्या, दिवे संपले, रस्ताही संपला. "अहो, अजून किती आत?" ती विचारायला लागली. ओसरीत अम्मा बसली होती, पुढ्यात गेरूची थाळी.

मी म्हटलं, "अम्मा, ही तुमची सून नाही, माझी बायको आहे."

"तो? आई तो जेई घर में है," अम्मा म्हणाली आणि अलकाचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

अलकाचा ठसा सगळ्यांत वरच्या ओळीत उजवीकडे बसला. अंगठा थोडा फाकलेला. लहानपणी अडकित्त्यात सापडून तो तसा झाला होता. हे मला त्या भिंतीवरून कळलं, मग मी तिला विचारलं.

ती आधीची वर्षं बरी गेली असं मी म्हणतो. अलका काय म्हणेल ठाऊक नाही. मी सकाळी जायचो तो संध्याकाळी यायचो. मंडळातल्या बायका एकदा येऊन गेल्या, "बाप्पा, किती लांब राहता हो तुम्ही," म्हणाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. अलकाला बोलायला माणूस एकच: अम्मा. एकीचं नागपुरी मराठी, दुसरीची खेड्यातली हिंदी, पण मी घरी यावं तर दोघी ओसरीत शेंगा सोलत असायच्या आणि मला बघून गप्प व्हायच्या. मी विचारायचो, काय चाललं होतं?

"तुमच्याबद्दल नव्हतं," अलका म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

आता जे सांगायचं आहे ते नीट सांगतो. मला ते हसणं आवडेनासं झालं होतं. अम्मा मागच्या दारानं न विचारता आत यायची. मी बदललेल्या चौकटीवरून हात फिरवून "पहले वाली चौड़ी थी" म्हणायची. तुळशीची जागा तिनं बदलायला लावली. त्या घराची माती मी तुडवली होती, त्यातली एकेक बल्ली मी पारखून आणली होती, आणि तरी ती आली की मी भाडेकरू व्हायचो. माझ्या बायकोलाही ते घर माझ्यामुळं मिळालं असं वाटत नव्हतं. अम्मामुळं मिळालं असं वाटत होतं. मी कधी एका शब्दानं बोललो नाही. माझा तो स्वभावच नाही. बोललो असतो तर कदाचित जे झालं ते झालं नसतं.

अलका पहिल्या बाळंतपणाला नागपूरला गेली. तेव्हाच वसाहतीत एक प्रकरण झालं होतं. कुंपणाच्या भिंतीजवळच्या एका दगडाला कुणीतरी शेंदूर लावला, त्याचं देऊळ झालं, देवळाला भोंगा लागला, आणि मग ते हटवताना बराच आरडाओरडा झाला. साहेब मला म्हणाले, "सुना है तुम्हारे उधर भी बाहर के लोग आकर कोई दीवार-वीवार पूजते हैं. इस्टेट वाले चक्कर लगाएँगे. देख लो."

देख लो म्हणजे काय, हे मी विचारू शकलो असतो. साहेब, ती पूजा नाही, सून आली की एक हात लावतात, एवढं म्हणू शकलो असतो. फार तर पुढ्यात एक कपाट सरकवता आलं असतं. मी रशीद मिस्त्रीला बोलावलं आणि मधल्या खोलीला सिमेंटचं प्लास्टर करायला सांगितलं.

सिव्हिलबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की प्लास्टर नुसतं चढवत नाहीत. गुळगुळीत जागेवर ते धरत नाही. आधी छिन्नीनं सगळ्या भिंतीला जवळजवळ घाव घालून ती खडबडीत करायची, मग जाळी ठोकायची, मग सिमेंट. तेव्हा ठसे झाकले गेले असं म्हणून चालणार नाही. ते आधी फोडले, मग झाकले.

रशीद खुशीत होता. त्याला मातीच्या कामाचा कंटाळा. सिमेंट म्हटलं की त्याचा हात सैल सुटायचा. "साहब, सौ साल की छुट्टी," म्हणत तो खालून वर घाव घालत गेला. वरच्या ओळीला आल्यावर थांबला. "ये वाला छोड़ दें? ताज़ा है."

अंगठा फाकलेला हात. मी म्हटलं, "पूरी करो."

कंपनीच्या जागा-जमिनी बघणाऱ्या इस्टेट खात्याचे साहेब आले. ओसरीत बसले, चहा प्याले. "बड़ा ठंडा है आपके यहाँ, कूलर फेल है," म्हणाले आणि गेले. आत आलेच नाहीत.

आणि मग अम्मा आली, धाकट्या मुलाची नवी बायको घेऊन. सात-आठ बायका, गाणी म्हणत, रोपवाटिकेतून. हरिभैया मागं. मी दारात उभा राहिलो. "अम्मा," म्हटलं, "दीवार में सीलन आ गई थी. गिर जाती. पक्की करनी पड़ी."

गाणं लगेच थांबलं नाही. मागच्या बायकांना कळलं नव्हतं, त्या गातच होत्या. अम्मा माझ्या बाजूनं आत गेली. करड्या भिंतीवर तिनं हात ठेवला, आडवा फिरवला, मग खाली वाकून जिथं तो पुरीएवढा पंजा होता तिथं ठेवला.

"सूखी तो है, भैया."

"अब सूख गई."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं आणि बोटांच्या पेरांनी ती वाजवली, टक टक, जशी लोकांच्या घरी वाजवायचो तशी. "देखो, अब मज़बूत है." हे मी का केलं, आजही मला सांगता येत नाही.

नवरीनं तोवर बरोबर आणलेल्या गेरूच्या थाळीत हात बुडवला होता. कुणीतरी बुडवायला सांगितला असणार. घुंघट पुढं ओढलेला, आणि तो लाल ओला हात कोपरापासून वर धरलेला. कुठं ठेवायचा ते तिला कळेना. गेरू मनगटावरून बांगड्यांत उतरायला लागला. सिमेंटवर लाव असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही.

अम्मा वळली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. "इते लगा दे."

पोरगी घाबरली.

"लगा दे, बेटा. जेई दीवार है अब."

अम्माचं लुगडं धुवून धुवून पांढरट झालेलं. पोरीनं त्यावर हात दाबला. तो तसाच पाठीवर घेऊन अम्मा बाहेर पडली. रोपवाटिकेतून, मग क्वार्टरांच्या ओळीओळीतून, कणा ताठ ठेवून, काठी टेकत. लोक दारात येऊन बघत होते. त्यातले काही जण हे वाचत असतील. कोण ही म्हातारी, असं तेव्हा तुम्ही मला विचारलं होतंत, आणि मी ओलीची गोष्ट सांगितली होती. ती तिथं पहिल्यांदा सांगितली. मग सांगतच गेलो.

अलका गौरीला घेऊन परत आली. बाळ पाळण्यात ठेवून मधल्या खोलीत गेली आणि बाहेर आली. "भिंत?"

"ओल आली होती. पडली असती."

"बरं," ती म्हणाली. जरा वेळानं, "अम्मा येऊन गेल्या?"

"येऊन गेल्या."

ती वाट बघायची. ओसरीत शेंगांची टोपली घेऊन बसायची आणि एकटीच सोलायची. शेवटी एकदा बाळाला घेऊन बसनं त्यांच्या गावाला जाऊन आली. अम्मानं गौरीला मांडीवर घेतलं, दृष्ट काढली, लाडू दिले. भिंतीचा विषय अलकानंच काढला तर म्हणाली, "भैया ने कही सीलन थी, तो हुइहै. भैया को पढ़ाई है जेकी." अलकानं मला हे जसंच्या तसं सांगितलं, म्हातारी किती समजूतदार आहे म्हणून. मी मान हलवली.

पुढं जे झालं ते कुठल्याही सिव्हिलवाल्याला आधीच सांगता आलं असतं. भिंत जमिनीतून पाणी पीतच होती, पण आता ते सोडायला जागा नव्हती. दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टरला खालून लोणा लागला, पांढरी पूड सुटली, मग फुगा आला. मी सांगितलेली ओल खरोखर येऊन बसली. मी जाता-येता बोटानं वाजवायचो. आवाज पोकळ येत होता.

अलकानं एकदा खोली झाडता झाडता मला हाक मारली. "इथं ओल आलीय."

"पुन्हा आली असेल."

ती केरसुणी हातात धरून उभी होती. सारवणं तिनं केली होती ह्या घराची, मातीची भिंत तिला माझ्याइतकीच कळत होती. "पुन्हा?" ती म्हणाली. "ह्या खोलीत ओल कधी होती, हो? धान्य ठेवत होतो आपण इथं."

तिनं पुढं विचारलं नाही. राहिलेली खोली झाडून घेतली.

गौरी शाळेच्या वयाची झाली तेव्हा अलकानं नागपूरला शिक्षिकेची नोकरी धरली. सगळ्यांना सांगायला कारण होतं: मुलीचं शिक्षण, आईवडिलांना सोबत. आम्ही भांडलो नाही. ती सुट्टीत यायची, मग सुट्टीतलीही थोडी, मग गौरी एकटी यायची. फोनवर आम्ही प्रकृती, हवा, गॅस, रिझर्व्हेशन असं बोलत राहिलो. मी त्या घरात एकटा राहिलो, वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त वर्षं. पूर्वी घर माझं व्हावं वाटायचं. ते आता पुरतं माझं झालं होतं. मागच्या दारानं कुणीच येत नव्हतं. मी ते दार उघडं ठेवायचो.

एका पावसाळ्यात प्लास्टर आपल्या आपण सुटून पडलं. अख्खा पापुद्रा, जाळीसकट, आणि त्याला चिकटून भिंतीची वीतभर माती. मी तो पालथा केला. वेडी आशा असते माणसाला. वाटलं, मागच्या बाजूला एखादा रंग, एखादं बोट लागून आलं असेल. मागं रशीदच्या छिन्नीचे खड्डे उलटे उमटले होते, सिमेंटच्या गाठी गाठी, ओळीत. कामाचा पक्का होता रशीद, कुठंही जागा सोडली नव्हती.

मग मी पुन्हा माती कुजवली, भुसा घातला, तुडवली. गुडघे पूर्वीसारखे नव्हते. भिंत पुन्हा मातीची केली, सारवली, चुना मात्र दिला नाही. तशीच ठेवली. ऑफिसात सगळे हसले, रिटायर व्हायला आला आणि कंपनीचं घर सारवत बसलाय. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा किल्ली परत दिली. आता तिथं पुन्हा कुंड्या आहेत असं ऐकतो. मी साकेत नगरला फ्लॅटमध्ये राहतो. भिंती कोरड्या आहेत, काही काम नाही.

गेल्या वर्षी हरिभैया पत्ता शोधत आला. केस पांढरे, बिडी सुटलेली. अम्मा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते मला माहीत नव्हतं. धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न होतं, त्याचं आमंत्रण. म्हणजे त्याच पोरीच्या मुलाचं, जिनं पाठीवर हात लावला होता. मी विचारलं, आता हात कुठं लावतात?

"अम्मा के लुगरा पे," तो म्हणाला. "अम्मा ने फिर वो धोया नईं, पहना नईं. टाँग देते हैं. सब बहुएँ उसी पे लगाती हैं." मग म्हणाला, "भाभी को लाना, भैया. उनका हाथ तो बाकी है. अम्मा कहके गई थीं."

तो उठायच्या आत मी त्याला सांगितलं. सीलन नव्हती. कधीच नव्हती. हरिभैया पाण्याचा पेला हातात धरून ऐकत राहिला. "पता है," म्हणाला. "अम्मा ने हाथ लगाया था न." आणि पेला खाली ठेवून, "भाभी को लाना," एवढंच पुन्हा म्हणाला.

त्या संध्याकाळी मी अलकाला फोन लावला. हवा, प्रकृती झाली. मग म्हटलं, "अलका, मधल्या खोलीला ओल नव्हती. मला ते लोक घरात नको होते. तुझाही हात मीच फोडायला लावला. रशीद विचारत होता, हा सोडू का म्हणून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती उठून गॅस बंद करून आली असावी.

"रशीदनं विचारलं होतं?" ती म्हणाली.

"हो."

मग म्हणाली, "मला सांगून झालं. ज्यांना ज्यांना ओल सांगितलीत त्या सगळ्यांना सांगा आता." आणि लग्नाची तारीख विचारली. "मी येईन. हबीबगंजला हरिभैयांना यायला सांगा. तुम्ही नका येऊ."

स्टेशनचं नाव आता बदललंय, हे मी सांगितलं नाही.

लग्नघर पक्कं, फरशीचं. पुरुष मांडवात, बायका आत. मी कडेच्या खुर्चीवर बसलो होतो. आतून गाणं येत होतं. शब्द ओळखीचे नव्हते, चाल ओळखीची होती. ते मध्ये थांबलं नाही. मग अलका बाहेर आली. केस बरेच पिकलेत. उजवा हात गेरूनं लाल, बोटं फाकवून अंगापासून लांब धरलेला, नवी साडी खराब होऊ नये म्हणून. डाव्या हातात पिशवी, पर्स आणि कुणीतरी दिलेला नारळ, आणि पदर खांद्यावरून घसरत होता. तिनं इकडंतिकडं बघितलं. ओळखीचं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"जरा हे धरा," ती म्हणाली.

मी पिशवी घेतली, पर्स घेतली, नारळ घेतला. ती वाऱ्याकडे हात करून उभी राहिली. हरिभैयानं गाडी काढली होती, तिला संध्याकाळची ट्रेन गाठायची होती. हात वाळेपर्यंत मी तिचं सामान धरून उभा होतो.